जीर्णोद्धार आणि पाठनिश्चिती : एलिस पुलाच्या निमित्ताने

‘जीर्णोद्धार’ हा शब्द मराठीत प्रामुख्याने देवालयांच्या संदर्भात रूढ आहे; पुलाची आपण डागडुजी करतो. हा केवळ शब्दभेद नव्हे. डागडुजीचा हेतू वस्तू उपयोगी ठेवणे हा असतो, तर जीर्णोद्धाराचा हेतू तिची ओळख टिकविणे हा. जुन्या लोखंडी पुलाच्या बाबतीत हे दोन हेतू एकमेकांना कसे अडवितात, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

पुण्याचा लकडी पूल एकोणिसाव्या शतकातच दगडी झाला. नाव मात्र लाकडाचेच राहिले. येथे वस्तू गेली आणि शब्द उरला. अहमदाबादेत याच्या उलट घडले. साबरमतीवरील लाकडी पूल १८७५ च्या पुरात वाहून गेल्यावर त्या जागी १८९२ साली हिम्मतलाल धीरजराम भचेच या अभियंत्याने धनुष्याकृती कमानींचा एलिस पूल उभारला. पुढे १९९० नंतरच्या दशकात त्याच्या दोन्ही अंगांना काँक्रीटचे पूल बांधून वाहतूक तिकडे वळविण्यात आली. वस्तू उरली, पण तिचे कार्य गेले. २०२४ साली गुजरात शासनाने तिच्या दुरुस्तीस निधी मंजूर केला.

दुरुस्ती म्हणजे रंगसफेदी नव्हे. रिव्हेटने सांधलेल्या पत्र्यांमध्ये पाणी मुरते. गंज फुगून पत्रे विलग करतो, आणि वरचा रंग हे सारे झाकून ठेवतो. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी कार्यान्वित झाली. तेव्हापासून अशा कारखान्यांतून निघालेले पोलाद आणि १८९२ चे पोलाद यांची घटना एकच नव्हे. तपासणीवाचून दोन्हींचे वितळजोडकाम केल्यास सांध्याशी तडे संभवतात. मोरबीचा झुलता पूल दुरुस्तीनंतर २६ ऑक्टोबर २०२२ रोजी खुला झाला आणि चौथ्या दिवशी कोसळून १३५ माणसे मृत्युमुखी पडली. मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजून तुटल्या असाव्यात, तसेच जुन्या टांगत्या सळ्यांना नव्या जोडण्यात आल्या होत्या, असे विशेष तपास पथकाला आढळले.

या ठिकाणी पाठचिकित्सेचा दाखला उपयोगी पडतो. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत संपादकांनी अनिश्चित पाठाखाली नागमोडी रेघ दिली. हस्तलिखितात जे झिजले होते ते त्यांनी भरून काढले, परंतु भरून काढल्याचे लपविले नाही. पुलाच्या दुरुस्तीतही हीच शिस्त हवी. प्रत्येक भाग आधी तपासावा, टिकणारा ठेवावा, बदललेल्या भागावर वर्ष कोरावे, काढलेल्या भागाची नोंद व नमुना जपावा.

अर्थात ही तुलना एका मर्यादेपर्यंतच चालते. चुकीचा पाठ पुढील आवृत्तीत सुधारता येतो; पुलावर चालणाऱ्याला तशी दुसरी संधी मिळेलच असे नाही. म्हणूनच संपादकाचा प्रामाणिकपणा हा तेथे केवळ विद्वत्तेचा गुण राहत नाही. तो माणसांच्या जिवाशी निगडित असलेला धर्म ठरतो.