पहाऱ्यावर निघालेल्या भाचीस

सापगाव, ता. शहापूर, जि. ठाणे

चि. ताईस,

तुझे पत्र पोचले. जाहिरातीच्या कचेरीतील चित्रकाराची नोकरी सोडून सायबर सुरक्षेच्या व्यवसायात शिरण्याचा तुझा मनोदय वाचून तुझ्या आईला जो धसका बसला, तो मला बसला नाही. कारण ज्या कामासाठी पूर्वी तुम्ही चौघेजण आठवडाभर खपत होता ते आता यंत्राला चार ओळी सांगून दुपारपर्यंत उरकते, हे तूच लिहिले आहेस, आणि अशा वेळी माणसाने दुसरी वाट शोधली तर त्यात कमीपणा कसला? मला खटकले ते तुझे एकच वाक्य. उपयोजित कलेच्या शिक्षणात आणि त्यानंतरच्या नोकरीत गेलेली वर्षे वाया गेली, आता पाटी कोरी करून प्रारंभ करावयाचा आहे, असे तू म्हणतेस. पाटी कोरी करू नकोस, एवढे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

माझी हयात महसूल खात्याच्या दप्तरात गेली. तेथे बनावट कुलमुखत्यारपत्रे येत, फेरफाराच्या खोट्या नकला येत, आणि जो कारकून केवळ मजकूर वाची तो फसे. परंतु शिक्क्याची कड, शाईची जात आणि अक्षराचे वळण न्याहाळण्याची ज्याला खोड असे, तो सही करण्यापूर्वी थबके. शिवकालीन पत्राच्या अखेरीस मर्यादेची मुद्रा उठवीत, ती खाली कोणी आगंतुक ओळ घुसडू नये म्हणूनच. आणि आज आपण तलाठ्याकडे न जाता जो सातबारा काढतो त्यावरील डिजिटल स्वाक्षरीचा हेतूही याहून निराळा नाही. तोतया तर आपल्या इतिहासाला नवा नाहीच. 1761 साली पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ ते आपणच, असे सांगत एक कनोजी ब्राह्मण पुढे आला, त्याला कैदेत टाकले, तरी रत्नागिरीच्या किल्ल्यावर त्याला ज्याने जखडून ठेवावयाचे त्या अधिकाऱ्यानेच त्याला खरा मानून मोकळे केले, आणि मग त्याच्या भोवती कोकणात फौज जमली; 1776 मध्ये त्याला देहांत शासन होईपर्यंत पेशवाईच्या कारभाऱ्यांना स्वस्थता लाभली नाही. तट कोणी फोडला नव्हता. पहारेकऱ्याची खात्री पटली होती, इतकेच.

आता पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण पाहा. ही 1906 साली स्थापन झालेली सहकारी बँक. ऑगस्ट 2018 मध्ये, 11 तारखेच्या शनिवारी, 28 देशांतील एटीएममधून तिच्या ग्राहकांच्या कार्डांच्या नकला वापरून रोकड उचलली गेली, आणि 13 तारखेस सुमारे 14 कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळवले गेले. एकूण नुकसान 94 कोटींच्या घरात. तिजोरीला मात्र कोणी हात लावला नाही. एटीएमने विचारावे, ‘या खात्यात शिल्लक आहे काय?’, आणि बँकेच्या मुख्य यंत्रणेने उत्तर द्यावे, हा रिवाज. चोरांनी या दोहोंच्या मधोमध स्वतःची एक तोतया यंत्रणा बसवली, आणि विचारणा मूळ खात्यापर्यंत जाऊच न देता ही परस्पर ‘मंजूर’ असा शेरा मारीत राहिली. रत्नागिरीच्या किल्ल्यावर जे घडले त्याचीच ही यंत्रयुगातील आवृत्ती म्हणता येईल.

मोठ्या बँकेचे राहू दे. शेजारच्या एका शेतकऱ्याने मागे आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. व्हॉट्सॲपवर पीएम किसान योजनेच्या नावाने एक फाइल आली होती, तिच्या शेपटीला ‘एपीके’ ही अक्षरे, आणि सोबत एक रंगीत चित्र: वर सिंहमुद्रा, खाली तिरंगी पट्टी, मध्ये ‘हप्ता थांबला आहे, त्वरित भरा’ असा मजकूर. अशी फाइल एकदा मोबाइलमध्ये रुजू झाली, आणि मागेल ती परवानगी मालकाने देऊन टाकली, की येणारे संदेश ती वाचू लागते आणि बँकेचा ओटीपी मालकाच्या आधी चोराला कळतो. परंतु मी ते चित्र पाहत राहिलो. सिंहमुद्रेखालचे ‘सत्यमेव जयते’ गायब होते, ‘योजना’तील काना सुटून पुढच्या अक्षराला चिकटला होता, आणि केशरी रंग सरकारी नव्हे तर मिठाईच्या खोक्याचा वाटत होता. मला हे पाहण्यास चष्मा पुसावा लागला. तुला एका दृष्टिक्षेपात दिसले असते. रोमन लिपीतील आर आणि एन शेजारी ठेवले की एमचा भास होतो, रशियन लिपीतील काही अक्षरे रोमन अक्षरांशी हुबेहूब जुळतात, आणि फसव्या संकेतस्थळांचे पत्ते याच जोरावर रचले जातात. अक्षरांमधील अंतरासाठी ज्या मुलीने रात्री जागवल्या, तिने ही विद्या कोरी करून टाकावी काय?

हे वाचून हुरळून मात्र जाऊ नकोस. नजर पहाऱ्यावर उपयोगी पडते, पण पहाऱ्यावर उभे राहण्याचा अधिकार तेवढ्याने मिळत नाही. एका संगणकाचा निरोप दुसऱ्यापर्यंत कोणत्या टप्प्यांनी जातो, लिनक्स कशी चालते, यंत्रांच्या रोजकीर्दी, ज्यांना तुम्ही लॉग म्हणता, त्या कशा वाचाव्या आणि त्या चाळण्यासाठी पायथनमध्ये दहा-वीस ओळी कशा लिहाव्या, हे रूक्ष शिक्षण टाळता येणार नाही. सुरक्षाविषयक पोस्टरे रंगवण्याचे काम तुला लगेच मिळेल, आणि म्हणूनच त्यात अडकून पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या पदविकेचे तू लिहितेस. तेथील पात्रतेच्या अटी पैसे भरण्यापूर्वी शब्दशः वाच, कारण त्या मुख्यतः अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या पदवीधरांना नजरेसमोर ठेवून केलेल्या असतात. तीन महिन्यांत नोकरीची हमी देणाऱ्या खासगी वर्गांच्या जाहिराती कशा रचतात, ते तुला मी काय सांगावे!

क्लिफर्ड स्टोल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाची हकिकत तू अवश्य वाच. संशोधनाचे अनुदान संपल्यामुळे हा गृहस्थ 1986 साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संगणक विभागात आला, आणि आल्या आल्या त्याच्या हाती हिशेबातील 75 सेंटांचा फरक शोधण्याचे क्षुल्लक काम पडले. दुसरा कोणी तो फरक किरकोळ खर्चात टाकून मोकळा झाला असता. आकाशातील अंधुक बिंदूच्या नोंदी ठेवण्याची सवय असलेल्या या माणसाने मात्र महिनोन्‌महिने रात्रंदिवस टिपणे ठेवली, आणि त्या पाऊण डॉलरचा माग काढीत तो थेट पश्चिम जर्मनीतील हॅनोवर शहरातल्या, लष्करी माहिती सोव्हिएत हेरखात्यास विकणाऱ्या घुसखोरापर्यंत पोचला. जुन्या व्यवसायातली चिकाटी त्याने नव्या कचेरीच्या दाराबाहेर ठेवली नव्हती.

दोन गोष्टी वडीलकीच्या नात्याने. सराव स्वतःच्या संगणकावर कर, किंवा मालकाची लेखी परवानगी हाती असेल तेथे. ‘नुसते पाहत होते’ या बचावावर विसंबू नकोस, कारण 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 खाली अप्रामाणिक हेतूने केलेल्या घुसखोरीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि आपला हेतू शुद्ध होता हे पोलिसांना पटवीत बसणे कोणाच्या वाट्याला येऊ नये. दुसरे असे की आरंभीची नोकरी बहुधा रात्रपाळीची असेल, वेतन तुझ्या सध्याच्या वेतनाहून कमी असेल, आणि तुझ्याहून दहा वर्षांनी लहान मुलगा तुझा वरिष्ठ असेल. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणे घुसखोरीची वर्दी सहा तासांच्या आत द्यावी लागते; तेव्हा मध्यरात्री त्या मुलाने प्रतिवृत्त मागितले तर मानापमान बाजूस ठेवून ते स्वच्छ, अनुक्रमाने आणि अतिशयोक्तीविना लिहून दे.

म्हणून घाईने राजीनामा देऊ नकोस. वर्षभर सकाळ-संध्याकाळ अभ्यास कर, नोकरी चालू ठेव, आणि सहा महिन्यांचा घरखर्च गाठीशी बांधल्यावरच साहेबांच्या टेबलावर कागद ठेव. आईची समजूत मी घालतो. दिवाळीला येशील तेव्हा एक दिवस जास्तीचा काढ. येथील बचत गटाच्या बायकांना खोटा संदेश कसा ओळखावा ते दाखवायचे आहे, आणि पैसे गेलेच तर क्षणाचा विलंब न लावता 1930 या क्रमांकावर कळवायचे, हेही त्यांना तुझ्याच तोंडून ऐकू दे.

कळावे,
तुझा मामा