इमूपालन : एका जोडधंद्याचा अभ्यास

साखरा आणि सेनगाव तालुक्यातील आसपासच्या गावांची शेती प्रामुख्याने सोयाबीन, तूर व हळद यांची. पावसाने दगा दिला की हाताशी आलेले पीक जाते आणि त्या वर्षी घर चालते ते गोठ्यातील जनावरांवर. त्यामुळे ‘नवा जोडधंदा’ हे शब्द आपल्याकडे नेहमीच आशेने ऐकले जातात. गेल्या पंचवीस वर्षांत अशा आशेने स्वीकारलेला आणि पुढे पूर्णतः कोसळलेला धंदा म्हणजे इमूपालन. तो का कोसळला, याचा विचार आपल्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी अवश्य करावा असा आहे.

आपल्याकडे पुष्कळ जण इमूलाच शहामृग म्हणत. वस्तुतः हे दोन भिन्न पक्षी होत. शहामृग आफ्रिकेतील, तर इमू ऑस्ट्रेलियातील. शहामृगाच्या पायाला दोन बोटे असतात, इमूच्या पायाला तीन. शहामृगाचे अंडे पांढुरके, इमूचे गर्द हिरवे. दोघांनाही उडता येत नाही. मात्र धावण्यात त्यांचा हात धरणारा पक्षी नाही. इमूची एक गोष्ट विशेष म्हणावी लागेल. अंडी उबवण्याचे काम नर करतो, आणि त्या सुमारे आठ आठवड्यांत तो जवळजवळ काहीच खात नाही.

भारतात इमूपालन १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रथम आंध्र प्रदेशात रुजले आणि तेथून महाराष्ट्र व तामिळनाडूत पसरले. मांस कमी चरबीचे, चरबीपासून औषधी तेल, शिवाय कातडे, पिसे व नखे, म्हणजे या पक्ष्याचे काहीच वाया जात नाही, असे सांगितले जाई. यात खोटे फारसे नव्हते. पक्षी काटक आहे, मराठवाड्यातील उन्हाळा तो सोसतो, दोन वर्षांत वयात येतो आणि हिवाळ्याच्या हंगामात अंडी देतो. पक्षी म्हणून इमू येथे नापास झाला नाही.

मग चूक कोठे होती? इमूपालकाला मिळणारे उत्पन्न मांसाचे नव्हते, तेलाचेही नव्हते. ते होते पिलांच्या जोड्यांचे, आणि त्या जोड्या विकत घेणारा होता दुसरा होतकरू इमूपालक. येथे थोडे गणित करून पाहू. समजा, शंभर शेतकऱ्यांकडे प्रत्येकी एक जोडी आहे आणि प्रत्येक जोडीपासून वर्षाला केवळ दहा पिले जगतात, म्हणजे पाच जोड्या. त्या विकण्यासाठी पाचशे नवे शेतकरी हवेत. त्या पाचशेंचे पक्षी वयात आले की अडीच हजार ग्राहक हवेत, त्यापुढे साडेबारा हजार आणि त्यानंतर साडेबासष्ट हजार. जुन्या जोड्या दरवर्षी अंडी देतच राहतात, हे तर यात धरलेलेच नाही. ताटात इमूचे मांस वाढून घेणारा माणूस या साखळीत कोठेच नाही. ज्या दिवशी नवा शेतकरी मिळेनासा होतो, त्या दिवशी जोडीची किंमत शून्यावर येते. दाणा मात्र रोज लागतोच.

तामिळनाडूतील इरोड जिल्ह्यात पेरुंदुराई येथील सुसी इमू फार्म्स या कंपनीने हेच गणित आणखी आकर्षक रूपात मांडले. दीड लाख रुपये ठेव द्यावयाची. कंपनी सहा पिले, दाणा व दरमहा सहा हजार रुपये देणार आणि मुदतीनंतर ठेवही परत करणार. ऑगस्ट २०१२ मध्ये ही कंपनी कोसळली. ठेवीदारांचे पैसे बुडाले, सांभाळणारा कोणी न उरल्याने हजारो पक्षी शासनाला पोसावे लागले. महाराष्ट्रातही त्या सुमारास इमूला गिऱ्हाईक उरले नाही. कर्ज काढून कुंपण घातलेल्यांना दाण्याचा खर्च पेलवेना. काहींनी पक्षी फुकट दिले, काहींनी मोकळे सोडले.

याच्या उलट शहामृगाचे उदाहरण घेता येईल. दक्षिण आफ्रिकेतील औट्सहूर्न परिसरात शहामृगपालन दीडशे वर्षांपासून चालत आले आहे, कारण त्याच्या मालाला खरा ग्राहक होता. युरोपातील स्त्रियांच्या टोप्यांवर शहामृगाची पिसे खोवली जात. १९१३ साली सोने, हिरे व लोकर यांच्या खालोखाल त्या देशातून पिसांचीच निर्यात होत असे. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले, मोटारगाड्या वाढल्या, मोठ्या टोप्यांची चाल मागे पडली आणि गडगंज पीसव्यापारी कंगाल झाले. खरी बाजारपेठही अशी बुडू शकते. परंतु तो धंदा पुढे कातडे व मांस यांच्या आधारे पुन्हा उभा राहिला. इमूला आपल्याकडे तसा दुसरा आधार नव्हता, किंबहुना पहिलाही नव्हता.

उस्मानाबादी शेळीकडे या दृष्टीने पाहावे. तिच्यात नवलाई काही नाही. पाच महिन्यांत विते, बहुधा जुळे देते, बांधावरचा पाला खाते. आणि अडचणीच्या दिवशी बोकड सेनगाव वा हिंगोलीच्या बाजारात नेला, तर संध्याकाळी रोख पैसे घेऊन परत येता येते. तो घेणारा खाटीक असतो, दुसरा शेळीपालक असेलच असे नाही. करारावरील ब्रॉयलर कोंबडीपालनही याच कारणाने टिकले आहे. करार वाईट नसतो. करारामागे कोंबडी खाणारा माणूस आहे की नाही, हे पाहावे लागते.

इमूचा अनुभव ताजा असतानाही २०१९ साली सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथून चालविलेल्या कडकनाथ योजनेत हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. कडकनाथ ही झाबुआची अस्सल, चांगली कोंबडी. पण तेथेही भाव ठरविणारी व माल परत घेणारी कंपनी एकच होती, आणि तिच्याबाहेर त्या भावाने अंडी विकत घेणारा कोणी नव्हता.

अशी योजना घेऊन कोणी दारी आल्यास त्याच्या कंपनीखेरीज दुसरा कोणता व्यापारी हा माल घेतो, हे विचारावे आणि त्या व्यापाऱ्याकडे स्वतः जाऊन भाव पाहून यावा. पैसे रोखीने देऊ नयेत. पावती, करारपत्र व बँकेच्या नोंदी जपून ठेवाव्यात. ठेवी बुडविणाऱ्या संस्थांच्या मालमत्तेवर टाच आणण्यासाठी महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा आहे. त्याखालील तक्रार पोलिसांकडे करता येते, आणि तेथे ही कागदपत्रेच प्रथम मागितली जातात.