भाचेबुवा, आधी डबा वाचा

बंदूक घेतलीस ते बरं केलंस. पन्नास कॅलिबरची इनलाइन, वर दुर्बीण, पाठीमागे २०९ प्रायमर. पेन्सिल्व्हेनियात ऑक्टोबरमध्ये शिंगं नसलेल्या हरणांसाठी ठासणीच्या बंदुकीचा आठवडा असतो, त्याला ही चालते. हंटर एज्युकेशनचा वर्ग झालाय, तेव्हा नळीचं तोंड कुठे ठेवायचं ते पुन्हा घोकवत नाही. मला बोलायचंय दारूबद्दल. परवा फोनवर म्हणालास, "मामा, दुकानात जी सबस्टिट्यूट मिळेल ती घेतो, सगळ्या सारख्याच की." तिथेच चुकतोयस. खरी काळी दारू एकाच जातीची. बदली दारूत जेवढे डबे तेवढे स्वभाव, आणि एकीला जे चालतं ते दुसरीला मुळीच चालत नाही.

खरी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. इथल्या कायद्याने ती स्फोटक धरली जाते. विकणाऱ्याला वेगळा परवाना लागतो, साठवायला वेगळं कोठार लागतं, म्हणून साध्या दुकानदाराला ती परवडत नाही. ही अडचण ओळखून डॅन पावलॅक नावाच्या माणसाने पायरोडेक्स तयार केली आणि १९७६ मध्ये हॉजडन कंपनीने ती बाजारात आणली. पुढच्याच जानेवारीत वॉशिंग्टन राज्यातल्या इसाक्वाच्या कारखान्यात स्फोट झाला, त्यात पावलॅक गेला. "बदली आहे, म्हणजे निरुपद्रवी आहे" असं कुणी म्हणालं की मी त्याला ही गोष्ट सांगतो. १९८५ मध्ये टोनी नाइटने एमके-८५ ही इनलाइन काढली. तिच्यात आग बाजूच्या कानातून वळसा घेऊन न येता मागून थेट दारूवर पडते. तुझी बंदूक त्याच वंशातली.

आता माप. हा पहिला मंत्र आणि सगळ्यांत मोठा. दारू ग्रेनमध्ये मोजतात, ग्रॅममध्ये नाही. एक ग्रॅम म्हणजे साडेपंधरा ग्रेनच्या जवळपास, तेव्हा घरातला स्वयंपाकाचा काटा या भानगडीत आणू नकोस. आणि डब्यावर जे ग्रेन लिहिलेत ते वजनाचे नव्हेत, आकारमानाचे. काळ्या दारूचं जे पितळी माप असतं, त्या मापात १०० च्या रेघेपर्यंत जेवढी मावेल तेवढी. बदली दारू काळ्या दारूपेक्षा हलकी असते. काट्यावर १०० ग्रेन तोलून नळीत ओतलीस तर मापाच्या हिशेबाने बरीच जास्त जाईल. ब्लॅकहॉर्न तर मापातले १०० ग्रेन तोलली की ७० च्या आसपास भरते. आपल्या कोकणात शेती राखायच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका अजून कित्येक घरांत आहेत, आणि आपले आजोबा नजरेच्या अंदाजाने दारू घालायचे हे तू ऐकलंयस. ती काळी दारू होती आणि समोर दहा-वीस पावलांवर रानडुक्कर. ते इथे लागू नाही.

बंदुकीच्या पुस्तिकेत जास्तीत जास्त किती ते छापलेलं असतं, त्याच्या वर जायचं नाही. दारूच्या तीन दाबलेल्या गोळ्यांचा दीडशे ग्रेनचा 'मॅग्नम' बार काढणारे शूटिंग रेंजवर भेटतील. त्यांच्या खांद्याचं त्यांना लखलाभ. पेन्सिल्व्हेनियाच्या झाडीत हरीण लांब दिसतच नाही. शंभर ग्रेनच्या आत भागतं.

डबे वाच म्हणालो, तर तीन नावं लक्षात ठेव.

पायरोडेक्स सगळ्यांत जुनी आणि कुठेही मिळणारी. माप काळ्या दारूएवढंच. सुटी घेतलीस तर गोळी वर बसवून गजाने नीट दाबून घे, तिला घट्ट बसलेलं लागतं. दाबलेल्या गोळ्या, म्हणजे पेलेट, घेतल्यास तर त्यांचं एक टोक काळपट दिसेल. तिथे चटकन पेट घेणारा काळ्या दारूचा थर असतो. ते टोक प्रायमरकडे जायला हवं. उलटी टाकलीस तर पेटेलही, नाहीही पेटणार. मात्र पेलेट गजाने चेचायच्या नाहीत. गोळी त्यांना टेकली की थांब. हिचा अवगुण म्हणजे मागे राहणारी राख. ती दमट हवेतलं पाणी ओढते आणि नळी गंजवते.

ट्रिपल सेव्हनमध्ये गंधक नाही. नुसत्या पाण्याने धुतली जाते आणि धुताना तो कुजक्या अंड्याचा वास येत नाही, तेव्हा मामींचीही तक्रार नाही. पण ही जोरकस आहे. मापाला माप घेतलं तर काळ्या दारूपेक्षा सुमारे १५ टक्के जास्त जोर देते, म्हणून शंभराचा बार असेल तिथे हिचे पंच्याऐंशी. तिच्या पेलेटला सुलट-उलट नाही.

ब्लॅकहॉर्न २०९ मॉन्टानातल्या वेस्टर्न पावडर्सची, आता हॉजडनकडेच गेलीय. तिचं घराणं निराळं आहे, मुळात ती नायट्रोसेल्युलोजची. दमटपणा ओढत नाही, बारामागून बार काढले तरी नळी फारशी तुंबत नाही, नेमही छान. पण पेटायला हट्टी. तिला फेडरल २०९ए किंवा सीसीआय २०९एम असला दणकट प्रायमर लागतो आणि ब्रीच प्लग, म्हणजे नळीचं मागचं बूच, तेही तिला मानवणारं लागतं. अकरा नंबरच्या टोपीच्या बंदुकीत तिचं नावसुद्धा काढू नकोस. आणि पाणी तिचं काही बिघडवत नाही, म्हणजे पाण्याने ती साफही होत नाही. बंदुकीचा नेहमीचा सॉल्व्हेंटच हवा.

इथेच नवशिका अडकतो. ब्लॅकहॉर्नसाठी आणलेला तापट प्रायमर ट्रिपल सेव्हनला लावतो, आणि ट्रिपल सेव्हन नळीत कडं धरते. दारूच्या जरा पुढे, गोळी जिथे बसलेली होती तिथे, खडीसारखी कडक राख जमते. दुसऱ्या बाराची गोळी गजाने सरसर खाली जाते आणि दारूला टेकायच्या आधी, बोटभर वर, ठक्कन अडते. हाताला वाटतं, बसली. बसलेली नसते. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुगते, कधी फुटते. म्हणून ट्रिपल सेव्हनला मवाळ २०९ घे, खास तिच्यासाठी काढलेले मिळतात. आणि प्रत्येक बारानंतर एक चिंधी फिरव. ती ओलीगच्च नको, थुंकी लावून पिळल्यासारखी हवी. एकदा खाली, तिथे कडं लागेल तिथे थोडी पुढे-मागे, मग वर. ती उलटी करून पुन्हा एकदा. त्यामागून कोरडी. चिंधी काळी येईल ते ठीक, पण वाटेत खरखर लागता कामा नये.

पोकळी राहिली की नाही हे डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून गजावर दोन खुणा कर. रिकाम्या नळीत गज सोड आणि तोंडाशी रेघ मार. मग तुझा नेहमीचा बार भरून दुसरी रेघ. पुढे कधीही बंदूक हातात घेतलीस की आधी गज घालून बघायचं. पहिल्या रेघेवर असेल तर रिकामी, दुसरीवर असेल तर भरलेली, दोन्ही रेघा नळीच्या तोंडाबाहेर राहिल्या तर गोळी अडलीय किंवा बारावर बार भरलाय. त्या बंदुकीला प्रायमर लावायचा नाही.

भरायच्या आधी गोळी न घालता एक-दोन प्रायमर उडव, ब्रीच प्लगमधलं तेल जळून जातं. मग कोरडी चिंधी. दारू नेहमी मापातून किंवा भरून ठेवलेल्या नळकांड्यातून ओतायची, डब्यातून किंवा शिंगातून थेट कधीच नाही. मागच्या बाराची ठिणगी आत जिवंत असली तर मापाएवढीच दारू भडकेल, हातातला अख्खा डबा नाही. गज ठोकताना तोंड आणि तळहात नळीच्या रेषेत नको. प्रायमर सगळ्यांत शेवटी, आणि तोही हरणाची वाट बघायच्या जागी जाऊन बसल्यावर.

चाप ओढला आणि नुसता 'टिक्' झाला, तर नळी होती तिकडेच धरून ठेव आणि पूर्ण एक मिनिट थांब. आत दारू धुमसत असेल आणि उशिरा पेटेल. "काय झालं बघू" म्हणून लगेच मागचं उघडणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्या शेजारी मी बसत नाही.

संध्याकाळी हरीण न दिसता परतलास तर प्रायमर काढ. बंदूक गरम घरात आणू नकोस, थंड लोखंडाला घाम सुटतो आणि दारू नासते. बार रिकामा करायचाच असेल तर सुरक्षित मातीत सोड, किंवा प्रायमर काढून, ब्रीच प्लग उघडून गोळी आणि दारू गजाने मागून बाहेर ढकल. ब्रीच प्लग सहज सुटायला हवा असेल तर त्याच्या आट्यांना दर वेळी अँटी-सीझ ग्रीस लाव, नाहीतर मोसम संपताना तो पान्यालाही दाद देत नाही.

साफसफाई त्याच रात्री. पायरोडेक्स आणि ट्रिपल सेव्हनला कोमट पाणी, मग कोरड्या चिंध्या, मग तेल. ब्लॅकहॉर्नला सॉल्व्हेंट, आणि तिच्या ब्रीच प्लगमधल्या आगीच्या वाटेत कडक कार्बन बसतो, तो एक अष्टमांश इंचाच्या ड्रिलच्या टोकाने, हाताने फिरवून काढ. मशीन लावायचं नाही, भोक मोठं होईल. ती दारू गंजवत नाही म्हणून आठवडाभर ठेवली तरी चालते, असं सांगणारे बरेच आहेत. माझ्या बंदुकीवर मी तो प्रयोग करणार नाही.

नाताळानंतरच्या मोसमाची तुला हौस वाटेल, पण तो फक्त चकमकीच्या बंदुकीचा असतो. तुझी इनलाइन तिथे चालत नाही. चकमकीची घेतलीस तर रंजकाला बदली दारू वापरू नकोस. तिला पेटायला जास्त उष्णता लागते, चकमकीच्या ठिणगीत तेवढा दम नसतो. तिथे खरी काळी दारूच हवी.

मित्रांबरोबर कोलोरॅडोला एल्कसाठी जायचं घाटतंय म्हणालास. तिथल्या ठासणीच्या मोसमात पेलेट चालत नाहीत, गोळीभोवतीचे प्लॅस्टिकचे सॅबो चालत नाहीत, दुर्बीणही नाही. सुटी दारू आणि उघडी माशी. म्हणजे इथला सगळा सराव तिथे निम्मा फुकट, आत्तापासून सुट्या दारूवर हात बसव. विमानात बंदूक कुलूपबंद कडक पेटीत, काउंटरवर सांगून, सामानात टाकता येते. पण दारू आणि प्रायमर चेक-इन बॅगेतसुद्धा चालत नाहीत, काळी असो वा बदली. ते तिथे उतरून विकत घ्यायचे. म्हणून दारू अशी ठरव की जी त्या गावातल्या दुकानातही मिळेल, नाहीतर जमवलेला नेम नव्या दारूवर पुन्हा जमवावा लागेल.

आणि आधुनिक बिनधुराची दारू, जी काडतुसात भरतात, ती या बंदुकीत चिमूटभरही नाही. तिचा दाब ही नळी सोसणार नाही. ब्लॅकहॉर्नचे बारीक काळे दाणे आणि तिचे दाणे बघून ओळखू येत नाहीत. म्हणूनच दारू मूळ डब्यातच ठेवायची, लोणच्याच्या बरणीत किंवा कुणीतरी दिलेल्या बाटलीत नाही. डबा वॉटर हीटरपासून आणि पोरांपासून लांब, कोरड्या जागी, कुलपात. उघडलास की झाकणावर महिना आणि वर्ष लिही. उघडी पायरोडेक्स दमटपणा ओढत राहते आणि पुढच्या वर्षी बार ढिला पडतो. जुनी टाकायची असेल तर कचऱ्याच्या पिशवीत नाही, तुमच्या टाउनशिपच्या फायर कंपनीला फोन कर, ते सांगतील. रविवारी रेंजवर येताना तीनही डबे मीच आणतो, तू फक्त प्रायमरची दोन खोकी आण आणि मवाळ कुठलं, तापट कुठलं त्यावर मार्करने लिहून ठेव.