भ्रष्ट म्हणजे नेमके काय?



गेल्या महिन्यात एका रविवारी मिस्सानंतर सातवीच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेत होतो. दहा आज्ञांचा धडा चालू होता. ‘चोरी करू नको’ या सातव्या आज्ञेपाशी आल्यावर मी फळ्यावर ‘भ्रष्ट’ हा शब्द लिहिला आणि मुलांना अर्थ विचारला. उत्तरे भराभर आली. “पैसे खाणारा.” “पुढारी.” “ऑफिसातला साहेब.” एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “फादर, माझ्या पप्पांच्या पेनड्राइव्हमधली फाईल करप्ट झाली. मग त्या फाईलने कुणाचे पैसे खाल्ले?” वर्ग हसला, मीही हसलो. तेवढ्यात मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला, “फादर, पैसे खाणारा भ्रष्ट, मग खायला घालणारा कोण?”

या प्रश्नावर मला हसू आले नाही. वेळ संपत आली होती. “पुढच्या रविवारी सांगतो,” असे म्हणून मी सुटका करून घेतली. का, ते पुढे सांगेन. पण त्या दोन मुलांच्या प्रश्नांमुळे मी हा शब्द पुन्हा नीट अभ्यासला. त्या अभ्यासातले थोडे आज आपल्यापुढे ठेवतो.

भ्रष्ट म्हणजे पडलेला

‘भ्रष्ट’ हा शब्द संस्कृतमधल्या ‘भ्रंश्’ या धातूपासून आला. त्याचा अर्थ पडणे, निसटणे, ढळणे. भ्रष्ट म्हणजे पडलेला, आपल्या जागेवरून सुटलेला. मुळात या शब्दात पैसा नाही, कचेरी नाही, शिवीसुद्धा नाही.

हा जुना अर्थ आपल्या मराठीत अजून जिवंत आहे. खुर्चीवरून दूर केलेला राजा ‘पदभ्रष्ट’. वाट चुकलेला ‘मार्गभ्रष्ट’. घरातल्या आजोबांना मुलांची नावे आठवेनाशी झाली की डॉक्टर ‘स्मृतिभ्रंश’ म्हणतात. आजोबांनी काही गुन्हा केलेला नसतो; ते आपल्या आठवणींपासून ढळलेले असतात, एवढेच. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात ‘योगभ्रष्ट’ हा शब्द येतो. साधना अर्धवट राहिलेल्या माणसाचे काय होते, असा अर्जुनाचा प्रश्न आहे. त्याचे केलेले वाया जात नाही, असे त्याला उत्तर मिळते.

या सगळ्या शब्दांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक शब्द सांगतो की माणूस कशापासून पडला: पदापासून, मार्गापासून, स्मृतीपासून, योगापासून. आज आपण नुसतेच ‘भ्रष्ट’ म्हणतो आणि कशापासून ते विचारायचे विसरतो. ‘भ्रष्टाचार’ या शब्दाची फोड केली तर ‘भ्रष्ट आचार’, म्हणजे आपल्या जागेवरून ढळलेले वागणे. लाच हा त्याचा एक प्रकार. ‘लाच’ हा शब्द संस्कृत ‘लंचा’ वरून आला, त्याचे घराणे वेगळे. लाच ही कृती आहे, भ्रष्ट ही अवस्था आहे. माणूस आधी ढळतो, हात नंतर पुढे होतो.

याच धातूचा आणखी एक शब्द म्हणजे ‘अपभ्रंश’. महाभाष्य लिहिणारे पतंजली म्हणतात की शुद्ध शब्द एक असतो आणि त्याचे अपभ्रंश पुष्कळ असतात. उदाहरणादाखल त्यांनी ‘गौः’ या शब्दाची लोकांच्या तोंडची रूपे दिली आहेत: गावी, गोणी, गोता, गोपोतलिका. पंडितांच्या दृष्टीने ही सारी खाली पडलेली रूपे. पण प्राकृत आणि अपभ्रंश याच वाटेने आपली मराठी जन्माला आली! फादर थॉमस स्टीफन्स यांनी तिच्यात ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. २०२४ साली केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. खाली पडलेले सारेच टाकाऊ नसते, याचा पुरावा आपल्या जिभेवरच आहे.

मोडलेले आणि नासलेले

आता त्या मुलीच्या फाईलकडे वळू. इंग्रजीतला ‘करप्ट’ हा शब्द लॅटिन ‘कोरुम्पेरे’ वरून आला. त्यातल्या ‘रुम्पेरे’ चा अर्थ मोडणे, फोडणे. अपेंडिक्स फुटले की डॉक्टर ‘रप्चर’ म्हणतात, तोही याच घराण्यातला. म्हणजे करप्ट झालेली फाईल ही आतून मोडलेली फाईल. तिचे नाव दिसते, ती जागाही अडवते, पण उघडत नाही. त्या मुलीने विनोद केला खरा, पण शब्दाच्या मुळाशी वर्गात तीच सर्वांत जवळ होती.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक ग्रंथ अभ्यासाला होता. त्याच्या लॅटिन नावात ‘कोरुप्तिओने’ हा शब्द आहे. आम्हा नव्या विद्यार्थ्यांना वाटले, ग्रीसमध्येही लाच चालत असावी! ग्रंथात लाचेचे नावही नव्हते. वस्तू कशा उत्पन्न होतात आणि कशा नाश पावतात, एका द्रव्याचे दुसरे कसे होते, याची ती चर्चा होती. मूळ ग्रीक शब्द ‘फ्थोरा’, म्हणजे नासणे, विरून जाणे. संत पौल हाच शब्द करिंथकरांना लिहिताना आपल्या देहासाठी वापरतो. बी नाशवंत स्थितीत पेरले जाते आणि अविनाशी होऊन उठते, असे तो पुनरुत्थानाविषयी सांगतो (१ करिंथ १५:४२).

संत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या सातव्या भागात या शब्दावर खोल विचार केला आहे. तो आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत मांडतो. दूध नासते, दगड नासत नाही. आंबा सडतो, कारण आधी तो गोड असतो. ज्याच्यात चांगले काही नाही, त्याच्यात नासण्यासारखेही काही नसते. जोवर एखादी वस्तू नासत आहे, तोवर तिच्यात चांगले शिल्लक आहे. ते पूर्ण संपले तर ती वस्तूच उरणार नाही. म्हणून वाईटाला स्वतःचे असे अस्तित्व नाही, ते चांगल्याच्या अंगावर वाढते. एखाद्याला भ्रष्ट म्हणताना आपण नकळत कबूल करत असतो की याच्यात नासण्याजोगे काही चांगले होते.

बाटलेला

या शब्दाचा एक काळा इतिहासही आहे, तो टाळून चालणार नाही. आपल्या महाराष्ट्रात शेकडो वर्षे ‘भ्रष्ट’ म्हणजे बाटलेला, विटाळलेला. अमक्याच्या हातचे पाणी प्यायला, भ्रष्ट झाला. तमक्याच्या पंगतीला बसला, भ्रष्ट झाला. धर्म बदलला, धर्मभ्रष्ट झाला. आपल्यातल्या अनेकांच्या पूर्वजांना ‘बाटगे’ हे नाव याच हिशेबाने चिकटले. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंना काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहावे लागले. सोवळ्याओवळ्याच्या कल्पना मनातून निघायला किती जड जातात, हे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ मध्ये वाचायला मिळते.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि त्या तळ्याचे पाणी प्याले. गुरेढोरे जे पाणी पीत होती ते माणसे प्याली, तर तळे बाटले असे ठरवले गेले. पंचगव्याच्या घागरी ओतून त्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. तळ्यावर आलेले लोक कशापासूनही पडलेले नव्हते. माणुसकीपासून ढळले होते ते त्यांना अडवणारे. शब्द मात्र उलट्या बाजूला चिकटवला गेला.

प्रभू येशूसमोरही हाच वाद आला होता. त्याचे शिष्य हात न धुता जेवतात, अशी परूश्यांची तक्रार होती. येशूने लोकांना जवळ बोलावून सांगितले की बाहेरून आत जाणारे अन्न माणसाला अशुद्ध करत नाही, अंतःकरणातून बाहेर येते ते करते. त्याने दिलेल्या यादीत चोरी आहे, लोभ आहे, कपट आहे (मार्क ७). विटाळाचा पत्ता त्याने बदलला. ताटावरून, हातावरून, शेजाऱ्यावरून उचलून तो आपल्या काळजात आणून ठेवला. आपण ख्रिस्ती म्हणवतो, तरी सोयरीक जमवताना आपल्याकडेही अजून जात विचारली जाते. तेव्हा आपण कोणत्या जुन्या हिशेबाकडे परत जातो, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

खाणारा आणि घालणारा

आता मागच्या बाकावरच्या त्या प्रश्नाकडे येतो. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या धर्मग्रामात होतो. तिथल्या सभागृहाच्या दुरुस्तीच्या परवानगीचा कागद एका कचेरीत अडकला होता. तीन महिने हेलपाटे घातले. लग्नाचा मोसम तोंडावर आला होता. एक ओळखीचा गृहस्थ म्हणाला, “फादर, फाईलवर थोडे वजन ठेवा, नाहीतर वाऱ्याने उडून जाईल.” मी पाकीट दिले. आठवड्यात कागद हातात आला. हिशेबाच्या वहीत मी लिहिले, ‘किरकोळ खर्च’.

पाकिटापेक्षा ते दोन शब्द मला आता जास्त बोचतात. आपल्याकडे यासाठी किती गोंडस शब्द आहेत! चहापाणी, चिरीमिरी, वजन, हात ओले करणे. खरा शब्द तोंडातून निघू नये म्हणून आपण हे दुसरे शब्द पाळतो. मी लाच दिली, असे मी स्वतःशीही म्हटले नव्हते. ‘मी धर्मग्रामाचे काम केले’, असे म्हणत होतो.

पोप फ्रान्सिस (निधन २०२५) पोप होण्याआधी कार्डिनल असताना, २००५ साली त्यांचे पाप आणि भ्रष्टता यांतला फरक सांगणारे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. पाप करणाऱ्याला आपण चुकलो हे ठाऊक असते, म्हणून तो क्षमा मागू शकतो. भ्रष्ट झालेल्याला ते वाटेनासे होते. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचे कारण तयार असते. नोव्हेंबर २०१३ मध्ये एका प्रवचनात ते म्हणाले होते की लाचेच्या पैशावर घर चालवणारा बाप आपल्या लेकरांना घाणेरडी भाकर भरवतो. आपण मराठीत ‘पैसे खाल्ले’ म्हणतो, ते किती खरे आहे! खाल्लेले घरापर्यंत जाते, मुलांच्या ताटापर्यंत जाते. पण ती भाकर थापून देणारा हात कुणाचा? कधी कधी तो आपला असतो.

कायदाही आता हेच म्हणतो. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली आणि लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला संरक्षण आहे. आपल्या राज्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे. तो घरात लिहून ठेवा.

पुढच्या रविवारी मी वर्गात गेलो आणि त्या मुलाला उत्तर दिले, “खायला घालणाराही ढळलेलाच. मीही एकदा घातले होते.” वर्ग एकदम गप्प झाला. मग एकाने विचारले, “फादर, मग आता तुम्ही काय करणार?” मुले शेवटपर्यंत सोडत नाहीत! मी पापनिवेदन केले. ती रक्कम माझ्या पैशातून त्या धर्मग्रामाला परत केली आणि ‘किरकोळ खर्च’ म्हणजे काय होते, ते तिथल्या फादरांना व मंडळाला लेखी कळवले. हे सांगताना मान खाली गेली, पण मनावरचे ओझे उतरले.

कुंभाराचे चाक

शेवटी पवित्र शास्त्रातला मूळ शब्द पाहू. नोहाच्या काळी पृथ्वी भ्रष्ट झाली होती, असे उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात येते. तिथे हिब्रूत ‘शाखत’ हा धातू आहे. त्याचा अर्थ बिघडणे, नासणे. हाच धातू यिर्मया संदेष्ट्याच्या तेराव्या अध्यायात येतो, खडकाच्या कपारीत पुरून ठेवलेला कमरपट्टा कुजतो त्या ठिकाणी. आणि तोच पुन्हा अठराव्या अध्यायात येतो. यिर्मया कुंभाराच्या घरी जातो. चाकावरचे भांडे कुंभाराच्या हातात बिघडते. कुंभार ती माती फेकून देत नाही. तिचाच गोळा करून तो त्याला योग्य वाटेल तसे दुसरे भांडे घडवतो.

नोहाच्या जगासाठी जो शब्द, तोच या बिघडलेल्या भांड्यासाठी. फरक इतकाच की माती अजून ओली आहे आणि कुंभाराच्या हातात आहे. भाजून कडक झालेले मडके फुटले तर त्याच्या खापऱ्याच होतात. म्हणून भीती पडण्याची कमी आणि सुकण्याची जास्त बाळगावी. ‘चालायचेच’, ‘सगळेच करतात’, ‘किरकोळ खर्च’ हे शब्द तोंडी बसू लागले की माती सुकू लागली असे समजावे.

या आठवड्यात घरात सर्वांनी मिळून बोलण्यासाठी तीन प्रश्न देतो:

१. मी कुणाला ‘भ्रष्ट’ म्हणतो? तो कशापासून ढळला, हे मी कधी विचारले आहे का?

२. माझ्या हिशेबाच्या वहीत ‘किरकोळ खर्च’ कोणता आहे?

३. मी स्वतः कशापासून ढळलो आहे, आणि परतीचे पहिले पाऊल कोणते?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कुणाला दाखवू नका. ते घेऊन शनिवारी संध्याकाळी मंदिरात या. पापनिवेदनासाठी मी बसलेला असेन. माझी पाळी मी आधीच उरकली आहे.

आपला,
फादर