घरातले उंदीर : विष नको, वाट बंद करा



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. विहाराविहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. याच तीन महिन्यांत पावसाचे पाणी बिळांत शिरते आणि उंदीर कोरड्या जागेच्या शोधात आपल्या घरांत येतात. लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे वस्तीत ज्याला आपण नुसते ‘लेप्टो’ म्हणतो, त्या तापाचा हंगामही हाच. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर आपण उंदरांचा विषय धड्यासारखा घेत आहोत. ग्रंथवाचन झाल्यावर पंधरा मिनिटे काढून तो विहारात मोठ्याने वाचावा, ही विनंती.

आधी लाज सोडूया

वस्तीत उंदीर आहेत असे म्हटले की बाहेरची माणसे नाक मुरडतात. आपल्यातलेही काही जण ही गोष्ट पाहुण्यांपासून लपवतात. पण उंदीर कुणाची जात किंवा पत्ता विचारून येत नाही. त्याला अन्न, पाणी आणि लपायला जागा हवी असते. कचऱ्याची गाडी आठ-आठ दिवस येत नाही, गटारावर झाकण नाही, घराला घर चिकटलेले आहे, तिथे त्याला हे सगळे मिळते. यातले काही बदलणे आपल्या हातात आहे आणि काही नगरपालिका-महानगरपालिकेचे काम आहे. दोन्हीकडे लक्ष द्यावे लागेल.

उंदरांमुळे काय होऊ शकते हे आपल्या समाजाने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि पुढे पुण्यापर्यंत पोहोचली. उंदरांच्या अंगावरील पिसवा हा रोग माणसांत आणतात, हे तेव्हा लोकांना ठाऊक नव्हते. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी ते प्रयोगाने दाखवले. त्याआधीच सावित्रीमाई आपल्यातून गेल्या होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने बांधलेल्या परळच्या चाळीत बाबासाहेबांनी अनेक वर्षे काढली. रोग हटवायचा तर घर, हवा आणि गटार सुधारावे लागते, हे सरकारला सव्वाशे वर्षांपूर्वीच कळले होते. ते आजही आपण ठणकावून सांगितले पाहिजे.

उंदीर मारल्याने शील मोडते का?

हा प्रश्न उपासिका नेहमी विचारतात आणि तो टाळण्यासारखा नाही. आपण रोज ‘पाणातिपाता वेरमणी’ म्हणतो आणि घरी गेल्यावर उंदराला विष घालतो, हे मनाला खटकते.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये अहिंसेची चर्चा केली आहे. गरज म्हणून होणारी हत्या आणि मारण्याच्या इच्छेने केलेली हत्या यांत त्यांनी फरक केला आहे. अहिंसा हा आंधळेपणाने पाळायचा नियम नाही, ते जगण्याचे तत्त्व आहे. तत्त्व लागू करताना आपली बुद्धी वापरायची असते. आम्हाला यातून दोन गोष्टी कळतात. तान्ह्या बाळाच्या पायाला उंदीर चावत असेल तर गप्प बसणे ही करुणा नव्हे. पण अन्न झाकून आणि भोके बुजवून जे काम होते, त्यासाठी मारत सुटणे ही गरजही नव्हे. म्हणून आधी मारण्याची गरजच कमी करायची. हिशेबानेही तेच बरोबर ठरते. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा ते दहा पिल्ले देते आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात. खायला मिळत राहिले तर चार उंदीर मारून काहीच फरक पडत नाही.

पाहुणा ओळखा

तांदळाच्या दाण्याएवढ्या लेंड्या दिसल्या तर तो घरातला लहान उंदीर. शेंगदाण्याच्या आसपास लांबीच्या लेंड्या असतील तर मोठा उंदीर. गटाराकडेला मातीचा ढीग आणि मोठे बीळ दिसले तर ती घूस. लांब नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री मात्र उंदरांच्या कुळातली नाही. ती झुरळे-किडे खाते, पण तिचीही वाट याच उपायांनी बंद होते.

कोणते भोक वापरात आहे हे कळण्यासाठी संध्याकाळी त्यात वर्तमानपत्राचा सैल बोळा घालावा. सकाळी तो बाहेर पडलेला किंवा कुरतडलेला असेल, तर येण्याजाण्याची वाट तीच.

पहिले काम : रात्रीचे जेवण बंद

मोठ्या उंदराचे पोट दिवसाला मूठभर धान्यापेक्षाही कमी खाण्यावर भरते. म्हणून थोडेसे उष्टेही पुरते. रात्री झोपण्यापूर्वी एवढे करावे :

• पीठ, तांदूळ, डाळ पत्र्याच्या किंवा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. रेशनचे पोते जमिनीवर आणि भिंतीला टेकवून ठेवू नये.
• भांडी रात्रीच घासावीत. पाणी नसेल तर उष्टे काढून भांडी पालथी झाकावीत.
• ओला कचरा झाकणाच्या बादलीत ठेवावा. पिशवी दाराबाहेर टांगून ठेवू नये.
• कुत्र्या-मांजरांना घातलेले उरलेले अन्न उचलावे.
• झोपण्यापूर्वी बाळाचे तोंड आणि हात धुवावेत. दुधाच्या आणि खाऊच्या वासाने उंदीर अंथरुणाकडे येतो.

विहारालाही हेच लागू आहे. पौर्णिमेच्या खीरदानाची भांडी त्याच रात्री धुवावीत. मेणबत्त्या डब्यात आणि ग्रंथ बंद कपाटात ठेवावेत. उंदीर दोन्ही कुरतडतात.

दुसरे काम : वाट बंद

लहान उंदीर पेन्सिल शिरेल एवढ्या फटीतून येतो आणि मोठा उंदीर अंगठा शिरेल एवढ्या भोकातून. म्हणून नियम सोपा आहे : जिथे पेन्सिल जाते, ती फट बुजवायची. हातात बॅटरी घेऊन या जागा पाहा : मोरीचे तोंड, नळाचा पाइप आणि वायर आत येते ती जागा, दाराखालची फट, पत्रा आणि भिंत यांच्यामधली जागा, पोटमाळ्याचा कोपरा.

चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या किंवा थर्माकोल कोंबून उपयोग नाही. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजवण्यासाठी तो कुरतडतच असतो. भांडी घासायची स्टीलची तारेची घासणी भोकात गच्च भरावी आणि वरून सिमेंट लावावे. मोरीला लोखंडी जाळी बसवावी, रात्री तीवर वजनदार फरशी ठेवावी. दाराला खालून पत्र्याची पट्टी ठोकावी. पत्र्याखालच्या फटीला बारीक जाळी मारावी. तिचे भोक पाव इंचापेक्षा मोठे नको. भाड्याचे घर असले तरी एवढे करता येते.

पलंगाखाली आणि पोटमाळ्यावर साठवलेले जुने पुठ्ठे, गोधड्या, भंगार म्हणजे उंदरांचे बाळंतघर. ते वर्षावासाच्या आधी काढून टाकावे.

तिसरे काम : आत राहिलेल्यांसाठी सापळा

उंदीर भिंतीच्या कडेने पळतो. म्हणून पिंजरा खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीला लागून ठेवावा. सुक्या बोंबलाचा तुकडा, भजे किंवा शेंगदाणे लावावेत. नव्या वस्तूला उंदीर बिचकतो. म्हणून दोन-तीन रात्री पिंजरा न लावता उघडा ठेवावा आणि आत खाणे ठेवावे. तो सवयीने येऊ लागला की मग दार लावावे.

पकडलेला उंदीर पुढच्या गल्लीत सोडणे म्हणजे आपला त्रास दुसऱ्या आईच्या घरात नेऊन टाकणे. मारणे भागच पडले तर क्षणात मारणारा चाप बरा. गोंदाचा पुठ्ठा वापरू नये. त्यावर चिकटलेला उंदीर तासन्‌तास तडफडतो आणि घाबरून तिथेच लघवी करतो. बादलीत बुडवणे, जाळणे हेही नको. एवढ्या क्रौर्याची गरज कुणालाच नाही, आणि ते पाहणारी मुले त्यातून काय शिकतात याचाही विचार व्हावा.

विषाबद्दल स्पष्ट सांगतो

एका खोलीच्या घरात जिथे मुले, स्वयंपाक आणि झोप एकत्र असते, तिथे उंदराचे विष आणू नये, असे आमचे ठाम मत आहे. ट्यूबमध्ये मिळणाऱ्या काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. तो यकृत निकामी करतो. काळसर पावडर बहुधा झिंक फॉस्फाइड असते. पोटात गेल्यावर तिचा विषारी वायू होतो. या दोन्हींवर उतारा नाही. बिस्किटाला किंवा टोमॅटोला लावलेली पेस्ट मुलाला खाऊच वाटते.

चुकून कुणाच्या पोटात गेले तर उलटी करवू नका. मिठाचे पाणी, दूध, तूप, तेल काहीही पाजू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. विषाचे पाकीट सोबत न्या. फॉस्फरसचे विष घेतलेला माणूस एक-दोन दिवस बरा वाटतो आणि नंतर कावीळ होऊन खालावतो. ‘बरा दिसतोय’ म्हणून घरी थांबू नका.

आणखी एक गोष्ट. घरात कुणाचे मन खचलेले असेल, परीक्षेत किंवा लग्नात काही बिनसले असेल, तर त्या घरात विषाची ट्यूब मुळीच नको. अशा वेळी १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर मोफत बोलता येते.

सफाई करताना

लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नका. धूळ नाकातोंडात जाते. एक लिटर पाण्यात तीन लहान चमचे ब्लीचिंग पावडर मिसळून त्यावर शिंपडा, दहा मिनिटे थांबा, मग हातमोजे किंवा हातावर पिशवी चढवून ओल्या फडक्याने पुसा. ब्लीचिंगमध्ये संडासाचे ॲसिड कधीही मिसळू नका. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका. वस्तीत कारण नसताना एकाएकी बरेच उंदीर मरून पडू लागले, तर लगेच आरोग्य खात्याला कळवा.

डॉक्टरकडे कधी?

लेप्टोचे जंतू उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून, भेगांतून, डोळ्यांतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती. जोराचा ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दाबल्या तरी सहन न होणारी दुखणी, लाल डोळे ही त्याची लक्षणे. कावीळ दिसली, लघवी कमी झाली किंवा दम लागला तर एक तासही घालवू नये. डॉक्टरांना ‘मी पाण्यातून चाललो होतो’, ‘घरात उंदीर आहेत’ हे आपणहून सांगावे. लवकर औषध मिळाले तर हा आजार बरा होतो.

तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले तर पाय साबणाने धुवावेत आणि ७२ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात प्रतिबंधक गोळीसाठी विचारावे. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालील मुले यांचे औषध वेगळे असते. म्हणून मनाने मेडिकलमधून गोळी घेऊ नये. सफाईच्या कामावर जाणाऱ्या आपल्या भावा-बहिणींना गमबूट आणि हातमोजे मिळणे हा त्यांचा हक्क आहे. ती मेहेरबानी नाही.

उंदीर चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे. साखरेचा आजार असलेल्या आई-वडिलांचे पाय रोज सकाळी पाहावेत. पायाची जाणीव कमी झालेल्या माणसाला झोपेत उंदीर कुरतडून गेला तरी कळत नाही.

एकट्याचे काम नाही

एका घराने वाट बंद केली की उंदीर शेजारच्या घरात जातात. म्हणून गल्लीने एकत्र काम केले तरच ते टिकते. महिला मंडळ आणि तरुणांनी मिळून चार रविवार ठरवावेत.

पहिल्या रविवारी प्रत्येक घरातली भोके आणि गल्लीतली बिळे मोजून वहीत लिहावीत. दुसऱ्या रविवारी भंगार आणि कचरा बाहेर काढावा. तिसऱ्या रविवारी वर्गणीतून सिमेंट आणि जाळी आणून फटी बुजवाव्यात. म्हाताऱ्या आणि एकट्या माणसांच्या घरांपासून सुरुवात करावी. चौथ्या रविवारी तीच वही समोर ठेवून अर्ज लिहावा : कचरा रोज उचलावा, गटारावर झाकणे बसवावीत, उंदीर नियंत्रणाचे कर्मचारी पाठवावेत. मुंबईत १९१६ वर तक्रार नोंदवता येते. इतर गावांत नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आरोग्य विभागात अर्ज द्यावा. अर्जावर सगळ्या घरांच्या सह्या घ्याव्यात, पोच घ्यावी, तारीख लिहून ठेवावी आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जावे.

अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपेल तेव्हा वही पुन्हा उघडावी आणि किती भोके बुजली, किती अर्जांना उत्तर आले ते विहारात सगळ्यांसमोर वाचावे. उत्तर न आलेल्या अर्जांसाठी पुढची तारीख त्याच बैठकीत ठरवावी.

नमो बुद्धाय! जयभीम!