२६० चौरस फूट आले कुठून?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डोंबिवलीतली आमची इमारत १९९६ सालची आहे. आमच्या बाथरूममधून खालच्या घरात पाणी झिरपतं, म्हणून सात फूट बाय चार फुटांचं ते बाथरूम पूर्ण नव्याने करायचं ठरवलं आहे. एका ठेकेदाराने २,४०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी असं कोटेशन दिलं. त्यात टाइलकाम २६० चौरस फूट, दर २१० रुपये माल-मजुरीसह, एकूण ५४,६००, तोडफोड आणि राडारोडा १८,०००, वॉटरप्रूफिंग ३५,०००, प्लंबिंग ६०,०००, ‘चांगल्या कंपनीचे’ नळ व सॅनिटरी सामान ५५,०००, इतर १७,४०० असे आकडे आहेत. सुरुवातीलाच साठ टक्के रक्कम मागतो आहे. दुसरा ठेकेदार जुन्या टाइलवरच नवी टाइल बसवून १,४५,००० मध्ये, बिलाशिवाय काम करून द्यायला तयार आहे. पहिला आम्हाला लुबाडतो आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : लुबाडतो आहे असं म्हणता येत नाही आणि रास्त भाव लावतो आहे असंही म्हणता येत नाही, कारण त्याने तुम्हाला तपासण्याजोगं फारसं काही दिलेलंच नाही. कामाचं माप किती, माल कोणता आणि दर काय, या तिन्ही गोष्टी सुट्या दिसल्या तरच रक्कम वाजवी आहे का ते कळतं. तुमच्या कोटेशनमधल्या सहा ओळींपैकी एकीतच माप आहे. म्हणजे २,४०,००० पैकी ५४,६०० रुपयांचीच शहानिशा करता येते. उरलेले १,८५,४०० रुपये भरवशावर सोडायचे आहेत. त्यामुळे घासाघीस करून दहा-वीस हजार कमी करून घेण्यात आज काही अर्थ नाही. आकडा खाली येईल, पण त्याबरोबर कोणतं काम खाली आलं ते तुम्हाला समजणार नाही.

जी एक ओळ तपासता येते ती आधी पाहू. सात बाय चारच्या खोलीचा घेर २२ फूट. सात फूट उंचीपर्यंत टाइल लावली तर भिंती १५४ चौरस फूट होतात. अडीच बाय सातच्या दाराचे साडेसतरा फूट वजा केले आणि जमिनीचे २८ मिळवले की १६४.५ होतात. कापाकापीत जाणारे दहा टक्के धरले तरी १८१. कोटेशनमध्ये मात्र २६० आहेत. फरक ७९ चौरस फुटांचा, म्हणजे २१० च्या दराने साडेसोळा हजारांहून थोडा जास्त, त्यावर पुन्हा कर. पण इथेच त्याला खोटा ठरवू नका. त्याने टाइल छतापर्यंत, दहा फूट उंच धरली असेल, तर हाच हिशेब २५४ वर जातो आणि २६० हा प्रामाणिक आकडा ठरतो. कोटेशनमध्ये उंची लिहिलेली नाही, म्हणून एकच आकडा एका अर्थाने फुगवलेला आणि दुसऱ्या अर्थाने बरोबर ठरतो. ‘टाइल किती फुटांपर्यंत?’ एवढं विचारा आणि उत्तर कोटेशनवर लिहून घ्या. टाइलचा बेसिक रेट किती धरला आहे, म्हणजे २१० मध्ये टाइलचे किती आणि मजुरीचे किती, हेही लिहून घ्या. माल आल्यावर पेट्या मोजा. ३०० बाय ६०० मिलिमीटरच्या पाच टाइलची पेटी ०.९ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ९.७ चौरस फूट भरते. १८१ फुटांना अशा १९ पेट्या पुरतात, २६० फुटांना २७ लागतात.

आता दुसरा ठेकेदार. त्याचे १,४५,००० आणि पहिल्याचे २,४०,००० एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नका, कारण ही दोन कामंच वेगळी आहेत. तुमचं दुखणं जुन्या टाइलच्या खाली आहे. जमीन फोडून, संकमधलं जुनं भरण स्लॅबपर्यंत काढून, नहाणी ट्रॅप आणि पाइपांचे सांधे नव्याने करून, मग वॉटरप्रूफिंग, कोबा आणि योग्य ढाळ, असा तो क्रम आहे. टाइलवर टाइल बसवली की बाथरूम नवं दिसेल, पण खालच्याच्या छताला पडणारी ओल तशीच राहील आणि काही काळाने दोन थर फोडावे लागतील. हे बाथरूम गळत नसतं तर ती पद्धत विचार करण्याजोगी होती. तुमच्या घरात ३५,००० ची वॉटरप्रूफिंगची ओळ हीच सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि तीच सगळ्यात मोघम आहे. भरण कुठपर्यंत काढणार, कोणत्या कंपनीचं कोणतं रसायन किती थरांत, भिंतीवर किती उंचीपर्यंत, आणि टाइल लावण्याआधी किमान २४ तास पाणी साठवून चाचणी घेणार का, हे त्यात आलं पाहिजे. ते आलं तर या ओळीत पैसे वाचवायला जाऊ नका.

प्लंबिंगची ओळ सगळ्यात मोठी आहे आणि तिच्यात पॉइंट किती हेसुद्धा नाही. गरम-गार पाण्याचे पॉइंट, डायव्हर्टर, गिझरची जोडणी, निचऱ्याच्या लाइनी यांची संख्या मागा. सीपीव्हीसी पाइपावर आयएस १५७७८ हा मानक क्रमांक छापलेला असतो, तो कोटेशनमध्ये लिहून घ्या. बाहेरचा उभा पाइप बदलणंही याच ६०,००० मध्ये धरलं आहे का, हे जरूर विचारा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार घरातल्या संडास-सिंकमुळे होणारी आतली गळती सभासदाच्या खर्चाची असते, पण बाहेरच्या सामाईक पाइपांची दुरुस्ती संस्थेने करायची असते. तो खर्च तुमच्या खिशातून जायला नको. ‘चांगल्या कंपनीचे’ या शब्दांना मात्र काही किंमत नाही. कंपनी आणि मॉडेल क्रमांक हवेत, आणि ५५,००० ही रक्कम एमआरपीवरून काढली आहे का तेही कळायला हवं. एमआरपीत कर आधीच धरलेला असतो. त्यावर पुन्हा १८ टक्के लावले की एकाच नळावर तुम्ही दोनदा कर भरता. नोंदणीकृत ठेकेदाराला मालावर भरलेल्या कराची वजावट सहसा मिळते, म्हणून त्याने मालाचा दर करापूर्वीचा धरावा आणि कर शेवटी एकदाच लावावा. तुमच्या बाबतीत तो ४३,२०० रुपये होतो, तेव्हा त्याचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर पडताळून पाहा. नोंदणी नसलेल्याला कर वसूल करता येत नाही, आणि कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याला तो ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही.

छोट्या ठेकेदाराला एवढं लिहायला लावणं अन्यायाचं आहे, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. आकडा सांगण्यापूर्वी त्याने डोक्यात हा हिशेब केलेलाच असतो. तुम्ही तो फक्त कागदावर मागता आहात. लमसम रकमेत भाव वाढले तरी ग्राहक सुरक्षित राहतो, हा दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पण रक्कम बांधलेली आणि काम मोघम असेल, तर भाव वाढल्यावर माल हलका होतो. लमसम ठरवायलाही हरकत नाही, मापं आणि माल सोबत जोडलेले असले म्हणजे झालं. नफ्याबद्दलही मन मोकळं ठेवा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दर-विश्लेषणातही ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च मिळून १५ टक्के धरलेले असतात. एका लहान बाथरूमसाठी प्लंबर अर्धा दिवस आला तरी पूर्ण दिवसाची मजुरी घेतो, त्यामुळे तुमच्या कामात प्रमाण याहून जास्त बसलं तर ती लूट नव्हे. ‘इतर १७,४००’ हे मात्र नफाही नाही आणि कामही नाही. त्या ओळीचा तपशील द्यायला लावा किंवा ती काढायला लावा.

साठ टक्के ॲडव्हान्स देऊ नका. सामान आणण्यापुरती रक्कम आधी, मग तोडफोड झाल्यावर, काम पाण्याच्या चाचणीत उतरल्यावर, टाइल पूर्ण झाल्यावर असे टप्पे पाडा आणि काही रक्कम काम संपल्यानंतर महिनाभर हातात ठेवा. ‘वाढीव कामाला लेखी संमतीशिवाय पैसे मिळणार नाहीत’ हे वाक्य करारात हवंच. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० नुसार एखाद्याने फुकट करण्याचा हेतू न ठेवता तुमच्यासाठी कायदेशीर काम केलं आणि तुम्ही त्याचा लाभ घेतला, तर भरपाई द्यावी लागू शकते. तोंडी ‘करून टाका’ महागात पडतं ते यामुळेच. बिलाशिवायचं काम स्वस्त वाटतं, पण उद्या गळती पुन्हा सुरू झाली तर कोणतं काम किती पैशांत ठरलं होतं, हे सिद्ध करणं तुमच्यावर येतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सदोष सेवेची तक्रार जिल्हा आयोगाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांत करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तिथे सही केलेलं सविस्तर कोटेशन आणि बँकेतून दिलेले पैसे हाच तुमचा आधार असेल.

सोसायटीची लेखी परवानगी काम सुरू होण्यापूर्वी घ्या. पाण्याच्या चाचणीची तारीख खालच्या कुटुंबाला आधी कळवा, आणि त्या काळात त्यांच्या छताला ओल आली नाही अशी तारखेसह दोन ओळींची नोंद त्यांची आणि ठेकेदाराची सही घेऊन करून ठेवा. ती झाल्यावरच टाइल लावायला परवानगी द्या.