संक्रांतीचं वाण: स्ट्रॉबेरी जॅमच्या बाटल्या

हळदीकुंकवाला काय लुटायचं, या प्रश्नावर दर वर्षी त्याच प्लास्टिकच्या डब्या, चहाची गाळणी आणि साबणाच्या पेट्या समोर येतात. घरोघरी त्या पाच-पाच पडलेल्या असतात. वाण खाण्यात जावं आणि मागे राहिलेलं भांडं कामाला यावं, असं मला वाटतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे दिवस म्हणजे नेमका महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीचा भर. २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं हे फळ त्या दिवसांत पुण्या-मुंबईच्या हातगाड्यांवरही ढिगाने असतं. तेव्हा जॅम करा आणि छोट्या काचेच्या बाटल्यांत भरून द्या.

एका घाण्याला लागतं ते असं: देठ काढलेली १ किलो स्ट्रॉबेरी, ७५० ग्रॅम साखर, दोन रसदार लिंबं, एक लहान आंबटसर सफरचंद आणि अगदी थोडं, अर्धा चमचाभर, बिनमिठाचं लोणी. साखर वजनाने घ्या, वाटीने नको. एवढ्यात १०० मिलीच्या साधारण नऊ बाटल्या भरतात. सत्तावीस जणींना द्यायचं तर तीन किलो फळ लागेल, पण ते तीन वेगवेगळ्या घाण्यांत शिजवा. मोठ्या पातेल्यात एकदमच उरकायला गेलात, तर पाणी आटायला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात स्ट्रॉबेरीचा लाल रंग विटकरी होतो. हा रंग फार वेळ उष्णता सोसत नाही. घरच्या जॅमला दुकानातल्यासारखा रंग येत नाही म्हणून त्यात खायचा रंग घालणाऱ्यांनी आधी पातेलं बदलून पाहावं.

फळ निवडताना खोक्याच्या वरच्या थरावर भाळू नका, खालचा थर बघून घ्या. बारकी, वेडीवाकडी फळं जॅमला उत्तम आणि स्वस्तही पडतात. तीन भाग पूर्ण पिकलेली आणि एक भाग देठाजवळ पांढरट राहिलेली, असं मिश्रण हवं. याचं कारण पेक्टिन. फळातला हा पदार्थ आंबटपणा आणि साखर यांच्या जोडीने जाळं विणतो आणि जॅम घट्ट बसतो. स्ट्रॉबेरीत तो मुळातच कमी, त्यात फळ जास्त पिकलं की आणखी कमी होतो. ती उणीव सफरचंदाने भरून काढायची. पेरूतही पेक्टिन भरपूर असतं, पण त्याचा वास स्ट्रॉबेरीवर कुरघोडी करतो. बुरशीचा ठिपका असलेलं फळ कापून वापरायचं नाही, सरळ टाकायचं.

स्ट्रॉबेरी देठासकट धुवा, देठ नंतर काढा. आधी काढले तर फळात पाणी शिरतं आणि तेच पुढे आटवत बसावं लागतं. फडक्यावर कोरडी करून मोठ्या फळांचे दोन-चार तुकडे करा, बारकी तशीच ठेवा. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात फळ आणि साखर एकाआड एक थर देऊन रात्रभर फ्रिजमध्ये झाकून ठेवा. सकाळी फळं रसात तरंगताना दिसतील. साखरेने पाणी ओढून घेतल्यामुळे तुकडे थोडे आक्रसतात आणि शिजताना विरघळून जात नाहीत.

शिजवायला जाड बुडाचं, पसरट स्टीलचं पातेलं घ्या. ॲल्युमिनियम, लोखंड, कल्हई नसलेलं पितळ यातलं काही नको, कारण आंबट रस त्या धातूला लागतो. फळ-साखर घातल्यावर पातेलं एक तृतीयांशच भरलेलं असावं. उकळी आली की जॅम दुधासारखा वर चढतो आणि अंगावर उडाला तर चांगलाच भाजतो. हातभर लांब दांड्याचा लाकडी चमचा हवाच.

सफरचंद सालासकट किसून त्यात घाला. त्याचा गाभा, बिया आणि लिंबाच्या बिया मलमलच्या पुरचुंडीत बांधून सोडा. आधी मंद आच. सगळी साखर विरघळल्याशिवाय उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर पुढे बरणीत खडे धरतात. साखर विरघळली की लिंबाचा रस घाला, पावभाजीच्या मॅशरने साधारण तिसरा हिस्सा फळ दाबून मोडा आणि मग गॅस मोठा करा. आता २० ते ३० मिनिटं पातेल्याजवळून हलायचं नाही. सुरुवातीला बुडबुडे बारीक आणि फेसाळ असतात. पाणी आटत गेलं की ते मोठे, जड होतात आणि फुटताना भदभद असा आवाज येतो. तिथून पुढे सतत ढवळा. पुरचुंडी काढून, चमच्याने दाबून तिचा चिकट रस परत पातेल्यात पिळा; पेक्टिन त्यातच आहे.

झालं कधी म्हणायचं? आपला हात मुरांब्याला सरावलेला, त्यामुळे दोन बोटांत तार पाहण्याचा मोह होतो. इथे तो टाळा. तार साखरेचा पाक किती आटला ते सांगते, पेक्टिनचं जाळं धरलं की नाही ते सांगत नाही. त्याऐवजी सुरुवातीलाच दोन बश्या फ्रीझरमध्ये ठेवून द्या. जॅम जड वाटला की गॅस बंद करून गार बशीवर एक थेंब टाका, मिनिटभर थांबा आणि बोटाने ढकला. वर सुरकुती पडली तर झालं. थेंब वाहिला तर आणखी दोन-तीन मिनिटं उकळून दुसरी बशी काढा. परीक्षा चालू असताना गॅस बंद ठेवायला विसरू नका. तेवढ्या वेळात चांगला जॅम चिक्कीकडे झुकतो.

थर्मामीटर असेल तर पुस्तकातला १०५ अंशांचा आकडा डोळे मिटून धरू नका. तो समुद्रसपाटीचा आहे. मुंबईत ठीक, पण पुण्यात पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळतं आणि महाबळेश्वरात ९५-९६ला. म्हणून आधी नुसतं पाणी उकळून आकडा पाहा आणि त्यात साडेचार-पाच अंश मिळवा. पुण्यात १०३ला जॅम तयार असतो. १०५ गाठायला गेलात तर चमचा उभा राहील असा दगड पदरी पडेल. या टप्प्यावर जॅममध्ये साधारण ६५ टक्के साखर असते आणि त्यामुळेच तो टिकतो. साखर निम्मी करायची असेल तर खुशाल करा, पण तो सैल राहील, फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवावा लागेल आणि वाण म्हणून देता येणार नाही.

गॅस बंद केल्यावर लोणी घालून ढवळा, बराचसा फेस बसतो. उरलेला झाऱ्याने काढून वाटीत ठेवा. गरम पोळीबरोबर तो घरातच संपतो. मग पाच मिनिटं जॅम तसाच राहू द्या आणि एकदा हलकेच ढवळा. थेट भरला तर फळाचे तुकडे वर तरंगतात आणि बाटलीच्या तळाशी नुसती लाल जेली दिसते.

बाटल्यांची तयारी जॅम शिजत असतानाच झालेली हवी. फिरकीच्या धातूच्या झाकणाच्या काचेच्या बाटल्या साबणाने धुऊन, पातेल्याच्या तळाशी फडकं घालून १० मिनिटं उकळा आणि भरेपर्यंत गरम पाण्यातच ठेवा. गार काचेत उकळता जॅम ओतला की काच तडकते. जुन्या बाटल्या चालतील, मात्र लोणच्याच्या नकोत. झाकणाच्या आतल्या रबराला बसलेला वास जात नाही. झाकणं शक्यतो नवीनच घ्या. रुंद तोंडाच्या नरसाळ्याने काठाखाली अर्धा सेंटिमीटर जागा सोडून भरा, काठ ओल्या स्वच्छ फडक्याने पुसा आणि झाकण लावा. बाटली उलटी करून ठेवण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. तिच्यावर विसंबू नका. भरलेल्या बाटल्या पुन्हा उकळत्या पाण्यात, झाकण बुडेल अशा, १० मिनिटं ठेवा. बाहेर काढल्यावर गार होताना झाकणं एकेक करून टक्‌ अशी आत बसतात. जे बसलं नाही, ती बाटली घरात ठेवून फ्रिजमध्ये टाका. बाकीच्या दिवसभर हलवू नका. जॅम पूर्ण बसायला कधी कधी दोन दिवस लागतात, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी तिरपं करून बघण्यात अर्थ नाही. दोन दिवसांनीही पातळ असेल तर पातेल्यात ओतून, आणखी एका लिंबाचा रस घालून पुन्हा उकळा आणि नव्याने भरा.

आता सजावट. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात, तसा या बाटलीलाही बांधायचा, फक्त हौसेखातर. संक्रांतीचा मान काळ्या रंगाचा, म्हणून काळा खण घ्या. लाल जॅमवर तो जो खुलतो, तशी कोणतीही चकचकीत रिबीन खुलत नाही. ब्लाउज शिवून उरलेले तुकडे शिंप्याकडे मिळतात. छोट्या बाटलीला सव्वाशे मिलिमीटर व्यासाचा गोल पुरतो. बशी उपडी ठेवून खडूने आखा आणि नागमोडी कात्रीने कापा, म्हणजे धागे सुटत नाहीत. सुती दोऱ्याचा गोफ किंवा बारीक सुतळी दोन वेढे देऊन बांधा. कापड बाटली पूर्ण गार आणि कोरडी झाल्यावरच चढवा. ओलावा आत राहिला तर झाकण गंजतं. हलव्याची माळ गुंडाळायची कल्पना सुचते खरी, पण मुंग्यांनाही ती सुचते.

लेबल अरुंद ठेवा, जॅमचा रंग झाकू नका. त्यावर जॅमचं नाव, केल्याची तारीख, पाचही जिन्नस आणि ‘उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, महिन्याभरात संपवा’ एवढं हाताने लिहा. चिकटवायला कणकेची खळ करा. बाटली पुन्हा वापरताना ती पाण्यात निघून येते. जुन्या बाटलीवरचा बाजारचा गोंद मात्र खोबरेल तेल चोळल्याशिवाय सुटत नाही. तयार बाटल्या उजेडात मांडून ठेवू नका. खिडकीतल्या शोभेने रंग फिका पडतो, अंधाऱ्या कपाटात न उघडलेली बाटली वर्षभर चांगली राहते.

हळदीकुंकवाच्या दिवशी एक बाटली फोडून वाटीत काढा आणि शेजारी खारी किंवा टोस्ट ठेवा. खणाचं टोपडं बघून काही जणी ती शोकेसमध्ये ठेवून देतात; चव घेतली की घरी गेल्यावर उघडतात.